सूचना : पुढील अभ्यासबैठकीपूर्वीचे वाचन
सर्व सभासदांस कळविण्यात येते की, पुढील बैठकीत ल्युथरन चर्च (मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीतून उभा राहिलेला प्रोटेस्टंट पंथ) आणि ख्रिस्ती ऐक्याची, म्हणजे वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांना जवळ आणण्याची, चळवळ हा विषय घेतला जाईल. पहिल्या महायुद्धात परस्परांविरुद्ध लढलेल्या देशांतील चर्चप्रतिनिधींना स्वीडनचे आर्चबिशप नाथान सोडरब्लूम यांनी १९२५ मध्ये स्टॉकहोम येथे एकत्र बसवले, तेथून चर्चेला सुरुवात होईल. १९४७ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे स्थापन झालेला ल्युथरन जागतिक महासंघ (फक्त ल्युथरन चर्चेसचा) आणि १९४८ ची जागतिक चर्च परिषद (अनेक पंथांच्या चर्चेसची) या स्वतंत्र संस्था आहेत. टिपणांत त्यांची वारंवार होणारी गल्लत कृपया टाळावी. ल्युथरन जागतिक महासंघाने कॅथलिक चर्चबरोबर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे स्वाक्षरी केलेल्या, विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयीच्या (म्हणजे माणूस स्वतःच्या कर्मांनी नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासाने देवापुढे निर्दोष ठरतो या शिकवणीविषयीच्या) संयुक्त घोषणापत्राचे सर्व ४४ परिच्छेद वाचणे शक्य नसल्यास निदान पंधरावा, जो आमच्या मते त्याचा गाभा आहे, सावकाश वाचून यावे.