ठेवी हव्यात, मग आमचे व्याज का कापता? : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
सादर नमस्कार.

मी इचलकरंजीतली 54 वर्षांची विधवा. यजमान सूतगिरणीत होते. त्यांचा फंड आणि विम्याचे पैसे, एवढीच माझी पुंजी. पोस्टाच्या मासिक योजनेची 9 लाखांची मर्यादा भरली, उरलेले 10 लाख बँकेत ठेवले. गेल्या आठवड्यात त्या एफडीची मुदत संपली. सव्वासात टक्क्यांची पावती सव्वासहाने रिन्यू करून हातात दिली. वर्षाचे 10 हजार रुपये गेले.

2023 च्या अर्थसंकल्पात आपण महिला सन्मान बचत पत्र आणलेत : दोन वर्षे, साडेसात टक्के, 2 लाखांपर्यंत. एका बाईने बायकांचा विचार केला, म्हणून मी शेजारणींनाही घ्यायला लावले. 31 मार्च 2025 ला ती योजना बंद. ज्येष्ठांच्या योजनेत 8.2 टक्के मिळतात, पण माझी साठी कुठे झालीय? नवरा गेल्यापासून साठीपर्यंत बाईने काय खायचे?

ऑगस्ट 2024 मध्ये तुम्हीच बँकांना सांगितलेत, ठेवी आणा, आकर्षक योजना काढा. मग 2025 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, साडेसहावरून सव्वापाचवर आला. कर्जदाराचा हप्ता हलका झाला, त्याची भरपाई ठेवीदाराच्या ताटातून! माझा भाचा आता बँकेत काही ठेवतच नाही, सगळे म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत, दरमहा हप्त्याने, घालतो. बाजार पडला तर सावरायला त्याच्याकडे वीस वर्षे आहेत. माझ्याकडे नाहीत.

घरांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी-विमा वगैरेंतून कर्ज वजा जाता उरते ती, 2020-21 मध्ये जीडीपीच्या साडेअकरा टक्के होती, 2022-23 मध्ये पाचच्या आसपास आली. तुमचे मंत्रालय म्हणाले, लोक घरे-गाड्या घेताहेत, चिंता नको. आमच्या गल्लीत या. इथे कर्ज निघते ते दागिन्यांवर, पोरांच्या फीसाठी. महागाई उतरली म्हणता, दवाखान्याचे बिल उतरले का?

बँकांनी 2014-15 पासूनच्या नऊ वर्षांत साडेचौदा लाख कोटींची बुडीत कर्जे निर्लेखित केली, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकली, ते परवडले. 2019 मध्ये कंपन्यांचा कर एका दिवसात 22 टक्क्यांवर आणला, तेही परवडले. पीएफ भरणाऱ्या कामगारांच्या ईपीएस-95 योजनेची किमान मासिक पेन्शन मात्र 2014 पासून हजार रुपयेच! जो बुडवतो त्याला सवलत आणि जी साठवते तिला कात्री, हा कुठला न्याय?

महिला सन्मान पत्र पुन्हा सुरू करा, मर्यादा 10 लाख करा. ज्येष्ठांच्या योजनेत विधवांना साठीची अट काढा. आणि उत्तर खात्याचे छापील नको, तुमच्या सहीचे पाठवा.

एक ठेवीदार, इचलकरंजी