प्रेअरीतले एलेव्हेटर नुसते रंगवून टिकत नाहीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडाच्या प्रेअरी, म्हणजे सपाट गवताळ मैदानांच्या प्रांतांवरचा प्रवासलेख रविवारच्या पुरवणीत वाचला. रुळांकाठच्या उंच लाकडी इमारतींना लेखात ‘गव्हाची जुनी गोदामे’ म्हटले आहे आणि त्यांना रंग देऊन, भिंतींत मोठ्या खिडक्या काढून तिथे कॅफे सुरू करावेत असे सुचवले आहे. पहिले विधान अपुरे आहे आणि दुसरी सूचना धोक्याची, म्हणून हे पत्र.

या इमारती म्हणजे ग्रेन एलेव्हेटर, आणि तिथे धान्य मुक्कामाला येत नसे. ते तोलायचे, प्रतवारी लावायची, वर उचलायचे आणि रेल्वेच्या वॅगनमध्ये भरायचे, यासाठी उभारलेले ते २०-२५ मीटर उंचीचे यंत्रच होते. शेतकऱ्याची गाडी उतारावरून आत येऊन थेट काट्यावर उभी राही. भरल्या गाडीचे वजन झाले की एलेव्हेटर कंपनीचा एजंट नमुना चाळून मातेरे किती ते बघे, ओलावा पाही, प्रत ठरवी. मग गाडीची पुढची बाजू उचलून गहू जाळीतून खालच्या खड्ड्यात ओतला जाई आणि रिकामी गाडी पुन्हा तोलली जाई. खड्ड्यातून गहू ‘लेग’कडे जाई. उभ्या लाकडी पेटीत फिरणारा अखंड पट्टा, त्याला ओळीने बसवलेल्या पत्र्याच्या वाट्या. आपले रहाटगाडगेच, फक्त पाण्याच्या जागी गहू आणि बैलाच्या जागी इंजिन. वर पोचलेला गहू फिरत्या पन्हळीत पडे. ही पन्हळ कोणत्या कप्प्यावर आणायची ते एजंट खाली उभा राहून चाकाने ठरवी. वॅगन भरताना तोच गहू कप्प्यातून पुन्हा खाली, पुन्हा लेगने वर, दुसऱ्या काट्यातून तोलून बाहेरच्या पन्हळीने वॅगनमध्ये. त्याआधी वॅगनच्या दाराला आतून फळ्या ठोकायच्या. त्या सैल राहिल्या की गहू रुळांवर सांडलाच.

एका एलेव्हेटरची क्षमता साधारण ३०,००० बुशेल असे. गव्हाचा बुशेल ६० पौंडांचा, म्हणजे जवळपास ८०० टन झाले. एवढे धान्य भिंतीला बाहेर रेटते, खांबांवर फळ्या ठोकलेली साधी भिंत त्यापुढे टिकत नाही. म्हणून दोन इंच जाडीच्या फळ्या आडव्या, एकीवर एक रचून खिळ्यांनी जखडत. खाली आठ किंवा सहा इंच रुंदीच्या, वर दाब कमी होतो तिथे चार इंच. आतल्या कप्प्यांच्या भिंतीही अशाच, आणि कोपऱ्यांवर सगळ्या एकमेकींत गुंतवलेल्या. कप्पे भरले की लाकूड दाबून इमारत काही इंच बसे, ते बांधणारे धरूनच चालत. मात्र एकाच बाजूचे कप्पे भरले तर ती कलू लागे.

सगळ्यात मोठी भीती आगीची. धान्याची धूळ पेट घेते आणि वरच्या टोकाचे बेअरिंग तापायला वेळ लागत नाही. त्यामुळे इंजिन बाहेरच्या वेगळ्या खोलीत ठेवत आणि वंगण घालायला एजंटला नेमाने वर जावे लागे. त्यासाठीचा पाळणा, म्हणजे हाताने चालवायची लिफ्ट, बघण्यासारखा असतो: एक माणूस जेमतेम मावेल एवढा, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजने, आणि ती वजने त्या एजंटच्या स्वतःच्या वजनाला जुळवलेली. भलत्याच माणसाने त्यात पाय ठेवू नये हे उघड आहे.

लेखात गावांचाही उल्लेख आहे, पण ती एकमेकांपासून इतक्या सारख्या अंतरावर का, हे आलेले नाही. घोड्यांच्या गाडीत ५०-६० बुशेल गहू घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला अंधार पडायच्या आत घरी परतता यावे, म्हणून रेल्वेने साधारण ८ ते १० मैलांवर स्टेशने टाकली. ग्रँड ट्रंक पॅसिफिक या रेल्वे कंपनीने तर इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ओळीने नावे देऊन टाकली. घाई इतकी की कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्सच्या शाखा ब्रिटिश कोलंबियात सुट्या भागांत तयार होऊन रेल्वेने येत आणि जागेवर जोडल्या जात. समोरून खांबांचे देऊळ, मागे लाकडी खोली. सास्काचेवानमधल्या वॉटसनला अशी एक बँक अजून उभी आहे.

आणि काटामारीची तक्रार तिथेही होतीच. वजन, मातेरे, प्रत या तिन्हींत आपल्याला लुबाडतात आणि वॅगनही एलेव्हेटर कंपन्यांनाच आधी मिळते, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. १९०२ मध्ये सिंटालुटा स्टेशनच्या रेल्वे एजंटवर वॅगनवाटपाचा क्रम मोडल्याबद्दल खटला झाला आणि शेतकरी जिंकले. १९०६ ची शेतकऱ्यांची स्वतःची ग्रेन ग्रोअर्स ग्रेन कंपनी आणि १९२० च्या दशकातले व्हीट पूल, म्हणजे गहू एकत्र विकणाऱ्या सहकारी संस्था, याच असंतोषातून उभे राहिले.

१९३३ मध्ये असे ५,७५८ एलेव्हेटर होते, आज काही शेच उरलेत. १८९७ च्या क्रोज नेस्ट पास करारापासून चालत आलेली धान्याच्या रेल्वेभाड्यातली सवलत १९९५ मध्ये संपली, शाखामार्ग उखडले गेले आणि गहू ट्रकने थेट काँक्रीटच्या मोठ्या टर्मिनलकडे जाऊ लागला.

आता कॅफेबद्दल. आडव्या फळ्यांच्या भिंतीत खांबच नसतात, सगळा भार फळीवरून फळीवर उतरतो. तिथे खिडकी कापली की वरचा भाग लोंबकळतो. आधी पोलादी चौकट बसवावी लागते आणि तो खर्च छोट्या गावाला झेपत नाही. शिवाय जतनाचे पैसे सगळ्यात आधी छपरावर घालावे लागतात. एकदा पाणी आत शिरले की ते फळ्यांच्या सांध्यांत मुरते, खिळे गंजतात, आणि बाहेरच्या रंगवलेल्या आवरणामुळे कुजणे दिसतही नाही. खड्ड्यातला उरलेला गहू उपसला नाही तर तो सडतो, उंदीर येतात, वर कबुतरांचे राज्य. इतके सांभाळूनही आग ती आगच. सास्काचेवानमधल्या फ्लेमिंगचे १८९५ चे एलेव्हेटर गावकऱ्यांनी जपले होते. २०१० मध्ये ते जळाले.

मुलांकडे कॅलगरी, एडमंटन किंवा विनिपेगला जाणाऱ्या वाचकांनी मॅनिटोबातील इंग्लिसची पाच एलेव्हेटरांची रांग, किंवा एडमंटनलगतच्या सेंट अल्बर्टमधली १९०६ आणि १९२९ ची जोडी जरूर पाहावी. तिथे आतली यंत्रणाही राखलेली आहे. वाटेत दिसणाऱ्या बेवारस एलेव्हेटरमध्ये मात्र फोटोसाठीसुद्धा शिरू नये. वरच्या मजल्यावरच्या कप्प्यांची झाकणे कुजलेली असतात आणि खाली कप्पा थेट तळापर्यंत रिकामा.

— एक वाचक, विनिपेग