जिच्या नावानं आंघोळ केली

मंगळवार पेठ, कोल्हापूर
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय मुक्ता,

तुझं पत्र मिळालं. ‘कादंबरी कुठवर आली’ एवढंच विचारून थांबली असतीस तर दोन ओळींत भागलं असतं. पण ‘पोरांच्या परीकथेत खून कशाला’ असंही विचारलंयस, म्हणून आता हे लांबण सहन कर. खून नाहीये गं त्यात. त्याहून वाईट आहे. एक अख्खं घर जित्या मुलीच्या नावानं आंघोळ करून मोकळं होतं.

आपण हे सहज बोलतो ना, ‘तिच्या नावानं आंघोळ केली’? मी ते शब्दशः घेतलं. ज्याच्या ज्याच्या डोक्यावरून ते पाणी गेलं, त्याला ती मुलगी दिसेनाशी होते. ती घरातच असते. चुलीपाशी बसते, टोपलीतली भाकरी घेते, आणि भाकरी कमी भरली की मांजराला मार बसतो. पुढं साठ-सत्तर वर्षांनी त्याच घरातली पंधरा वर्षांची नात बघते, की आजी रोज एक ताट जास्त वाढते आणि त्या ताटाकडं बघून बोलते. सगळे म्हणतात म्हातारपण. नातीला पटत नाही. सगळ्यांना न दिसणारी ती आजीलाच कशी दिसते, हेच रहस्य. तुला सांगून टाकते, पण बाहेर फोडू नकोस: त्या दिवशी आजी, म्हणजे तेव्हाची सात वर्षांची धाकटी, तापानं फणफणली होती. तिला कुणी न्हाऊ घातलंच नाही.

राक्षस, काळा किल्ला, बोलणारे लांडगे यांतलं काही मी घेतलं नाही. आपल्याकडं भीती जंगलात नसते, माळ्यावर असते. शिवाय कोल्हापुरात बसून उसना अंधार कशाला आणायचा? टेंबलाईची गोष्ट आठव. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष योगदंडानं देवांच्या शेळ्यामेंढ्या करून टाकतो, अंबाबाईसुद्धा त्यातून सुटत नाही. त्र्यंबोली, म्हणजेच आपली टेंबलाई, त्याला मारून सगळ्यांना सोडवते, आणि मग विजयाच्या सोहळ्याचं आमंत्रण द्यायचं नेमकं तिलाच राहून जातं. ती रुसून टेकडीवर जाऊन बसते, गावाकडं पाठ करून. समजूत काढायला अंबाबाईला स्वतः जावं लागतं. म्हणून तर दर ललितापंचमीला पालखी टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि तुकड्यासाठी झुंबड उडते. लहानपणी मला त्या झुंबडीची भीती वाटायची. आता त्या ‘राहून जाण्या’ची वाटते. सगळ्यांना सोडवणारी बरी विसरली जाते!

रंकाळ्याचा नंदीही पहिल्या खर्ड्यात होता, रोज गव्हाभर पुढं आणि तांदळाभर मागं सरकणारा. काढून टाकला. गोड आहे, पण कथेत त्याला काही काम नव्हतं.

आता खरी गोष्ट. यातलं बरंचसं मी रचलेलं नाही.

घट बसायच्या आधी माळा काढला, तेव्हा पितळेची एक परात सापडली. चिंचेनं घासल्यावर काठावरची ठिपक्यांची अक्षरं वर आली: ‘चि. धाकटीस, ताईकडून. १९५९’. ते आजीच्या लग्नाचं साल. आजीला थोरली बहीण होती हे मला माहीत होतं, पण तिच्या माहेरचे सगळे एकच सांगतात, की ती सिनेमात गेली आणि स्टुडिओच्या आगीत गेली. आग खरीच लागली होती. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतरच्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मग अकरा वर्षांनी परात कुणी पाठवली?

मी आजीला सरळ विचारलं नाही. शेंगा सोलताना नुसतं म्हटलं, "ताईच्या नावानं आंघोळ केली तेव्हा तू केवढी होतीस?" ती म्हणाली, "मी कुठं न्हालो? मला ताप हुता. संक्रांतीचा हलवा उशाला तसाच पडलेला, कुणी हात लावू देईना." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

मुक्ता, संक्रांत १४ जानेवारीची! म्हणजे आंघोळ आधी आणि आग नंतर. आगीत कुणी गेलं म्हणून घर न्हालं नव्हतं. घर आधीच न्हालं होतं, आगीनं त्यांना सांगायला कारण दिलं, एवढंच. माझ्या रात्री जागून रचलेल्या सगळ्या धाग्यादोऱ्यांपेक्षा तो हलवा भारी निघाला. परात कुणाच्या हातून आली, लग्नात ती कुणी ठेवून घेतली, यावर आजी काही बोलत नाही. "वर ठिव ती," एवढंच म्हणते.

अडलंय ते शेवटाशी. एकदा केलेली आंघोळ उतरवायची कशी? आषाढात पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईला नेतात, पी-ढबाक वाजवत, तेच पाणी नात घेऊन जाते असं लिहिलंय. पण लिहिता लिहिता ध्यानात आलं, की जे न्हाले होते ते सगळे कधीच गेले. उरली ती एकटी आजी, आणि तिला तर ताई दिसतच होती. मग हे पाणी घालायचं कुणाला? मी हस्तलिखित वाचायला दिलं होतं ते एक सर म्हणतात, ताई सर्वांना दिसू दे, घर तिची माफी मागू दे, वाचकाला बरं वाटेल. मला ते खोटं वाटतं. माफी मागायला माणूसच शिल्लक नाही. माझ्या मते नातीनं घराच्या वंशावळीत ताईचं नाव लिहावं, आणि ते लिहू नये म्हणून जिवंत माणसांनी, तिच्या बापानं, काकांनी जो गोंधळ घालावा तेच शेवटचं प्रकरण. म्हणजे आंघोळ अजून चालूच आहे. तुला काय वाटतं? गुळमुळीत उत्तर नको.

काल आजीनं विचारलं, "त्या पोरीला शेवटी बोलावत्यात का न्हाई?" मी म्हटलं, ठरायचंय. "मग ठरवायच्या आधी मला वाचून दाव," म्हणाली. म्हणून तुझं उत्तर लवकर हवंय.

दिवाळीला येतेयस ना? आमच्या घरी यातलं काही बोलू नकोस, बाबांना अजून परातीचंही माहीत नाही. काकूंना नमस्कार.

तुझी,
रेवा