मनू, पुढचं पीस कुठलं घ्यायचं

प्रिय मनू,

काल तुझा मेसेज आला, पियानोवर शोपॅनचं वॉल्ट्झ झालं आता त्याचंच फँटसी इम्प्रॉम्प्टू घेऊ का म्हणून, तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे, म्हणून नीट लिहायला बसले. सरळ सांगते बाळा, आत्ता नको. माझाही जीव आहे त्या पीसवर, पण त्यात उजव्या हाताच्या चार सुरांसमोर डाव्याचे तीन येतात आणि तेही भरधाव. मी तुझ्याएवढी असताना हट्टाने तेच घेतलं होतं. सहा महिने घासलं तरी पहिल्या पानापुढे सरकलं नाही, मनगट दुखायला लागलं आणि नंतर कितीतरी दिवस पियानोचं झाकण उघडावंसंच वाटेना. तुझं तसं व्हायला नको.

तुझा ए मायनर वॉल्ट्झचा व्हिडिओ चार वेळा बघितला. उजवा हात काय सुंदर गातोय गं! पण डाव्याकडे बघ, पहिला बास, म्हणजे खालचा सूर, ठीक, मागचे दोन कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले सूर, पण तेवढ्याच जोरात, धप धप, आणि करंगळी ताठ वर. त्या हाताला आजवर नुसता ठेका धरायला लावलाय, गायला कधी दिलंच नाही.

म्हणून शोपॅनचाच प्रील्यूड घे, छोटंसं पीस आहे, ओपस २८ या संग्रहातला सहावा, बी मायनर. जेमतेम २६ बार, म्हणजे तालाची २६ आवर्तनं. गाणं जवळजवळ सगळं डाव्या हातात, चेलोसारखं खालून वर चढतं आणि सावकाश उतरतं, उजवा हात वर कॉर्ड धरून असतो. सुरुवातीलाच सोत्तो व्होचे लिहिलंय, म्हणजे दबक्या आवाजात, आजी दुपारी झोपली की आपण बोलायचो ना तसं. १८४९ मध्ये शोपॅन गेला तेव्हा पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला हा ऑर्गनवर वाजवला होता.

दिसतो सोपा, पण ते उजव्या हाताचे कॉर्डच खरे अवघड. बोटं पट्टीवरून उचलायची नाहीत, पट्टी पूर्ण वर यायच्या आत परत दाबायची, तरच ते मागे राहतात. पहिला आठवडा पेडलला पाय लावू नकोस.

जोडीला रोज दहा मिनिटं बाखचं पहिलं इन्व्हेन्शन, म्हणजे दोन हातांत दोन वेगळे आवाज असलेलं छोटं पीस, सी मेजर, अगदी हळू. उजवा हात जे म्हणतो तेच अर्ध्या बारनंतर डावा म्हणतो, त्यामुळे लपायला जागाच नाही. बाखने १७२० मध्ये थोरल्या मुलासाठी वही सुरू केली, पोरगं ९ वर्षांचं, या इन्व्हेन्शन्सची पहिली रूपं त्याच वहीत आहेत. पुढे १७२३ च्या प्रतीत त्याने स्वतः लिहिलंय की दोन्ही आवाज स्वच्छ वाजले पाहिजेत आणि सगळ्यात मुख्य म्हणजे वाजवणं गाण्यासारखं झालं पाहिजे. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं.

रविवारी फोन करशील तेव्हा प्रील्यूडचे पहिले चार बार, फक्त डावा हात. आधी तोंडाने गाऊन दाखव, मग वाजव.

तुझी,
आई