सोलापूरचे काळवीट कुंपणात नाहीत, शिवारात आहेत: मा. वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: सोलापूर जिल्ह्यातील काळविटांचे कळप, त्यांच्या वाटा आणि पिकांचे नुकसान

महोदय,

आमच्याकडे लोक ज्याला हरीण म्हणतात तो बहुतेक वेळा काळवीट असतो, क्वचित चिंकारा. दोघेही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. म्हणजे कागदावर वाघाइतकेच संरक्षण. पण वाघाला जंगल आहे. काळविटाला उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा आणि करमाळा तालुक्यांतली गायरानं, ओढ्यांचे काठ, पडीक तुकडे आणि आमची शेतं आहेत. वनखात्याचा नकाशा माळढोक अभयारण्यातल्या नान्नजच्या गवताळ पट्ट्यापाशी थांबतो, कळप थांबत नाहीत. या पत्रातली मागणी एवढीच, की नकाशाबाहेरच्या या मधल्या जागांचा कोणीतरी हिशेब ठेवावा.

नवं अभयारण्य आम्ही मागत नाही. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. गावंच्या गावं आत आली, जमिनीचे व्यवहार अडले, लोकांच्या मनात माळढोकाविषयीच अढी बसली. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, पण तोवर पक्षी जवळपास संपला होता. शेजारच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य तर जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. तेवढ्यात कळप पोसला जात नाही, तो भोवतालच्या रानावरच चरतो. नान्नज आणि रेहेकुरी यांच्यामध्ये सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून जास्त अंतर आहे आणि त्या अंतरात काळविटाचा जो काही संसार आहे तो खासगी, महसुली किंवा गावकीच्या जमिनीवर आहे.

हा संसार कसा चालतो ते समजल्याशिवाय कुठलीही योजना फसणार. नर जाणता झाला की वयस्क काळा नर त्याला आपल्या हद्दीतून हुसकावतो. असे तपकिरी तरुण नर टोळ्या करून भटकतात आणि दूरवर जातात. माद्या मात्र जिथे वाढल्या त्या माळाच्या आसपासच राहतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी देशातल्या अनेक ठिकाणच्या काळविटांच्या लेंड्यांतून डीएनए तपासला, तेव्हाही हेच दिसलं: माणसांनी व्यापलेल्या मुलुखातून नर अपेक्षेपेक्षा जास्त फिरतात, माद्या फारशा हलत नाहीत.

याचा व्यवहारातला अर्थ कठोर आहे. एखाद्या गायरानावरचा दहा-पंधरा जनावरांचा कळप संपला, तर ती जागा आपोआप भरून निघण्याची आशा फार कमी. तिथे भटका नर येईल, चार दिवस उभा राहील आणि मादी नाही म्हणून निघून जाईल. वनखात्याच्या दृष्टीने पंधरा काळवीट म्हणजे किरकोळ आकडा. प्रत्यक्षात तो वाटेवरचा एक मुक्काम कायमचा बुडालेला असतो.

आता शिवाराकडे पाहू. सोलापूरचं कोरडवाहू रान ऋतूप्रमाणे उघडतं आणि मिटतं. खरिपात तूर, उडीद, सोयाबीन उभं राहिलं की कळप गायरानावर आणि माळावर आकसतात. हस्ताच्या पावसावर ज्वारी-हरभरा पेरला की कोवळ्या रोपांवर येतात. डिसेंबर-जानेवारीत मालदांडी ज्वारी डोक्यावर जाते, तेव्हा ते पुन्हा मोकळ्या तुकड्यांवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की सगळा मुलूख धसकटांचा होतो, आणि तिथून पेरणीपर्यंत काळवीट हवे तिथे जाऊ शकतात. तरुण नरांच्या लांबच्या पल्ल्याला हाच काळ सर्वांत सोयीचा. काळविटाचा सगळा भरवसा नजरेवर आणि पायांवर. लांबून लांडगा दिसला पाहिजे आणि पळायला मैदान पाहिजे.

ही उघडझाप आता थांबत चालली आहे. उजनीचं पाणी आणि सीना-माढासारख्या उपसा योजना यांमुळे ज्वारीच्या जागी ऊस आला. ऊस वर्षभर उभा, आडसाली असेल तर दीड वर्ष. काळविटाला तो आरपार न दिसणारी भिंत आहे. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांना चेन-लिंक जाळी लागली. पाण्याला किंवा बागेला आम्ही विरोध करतो असं कृपया वाचू नये. आमच्यातल्या काहींच्याही बागा आहेत. पण खासगी रान बारमाही बंद झालं, की उरलेल्या गायरानाची आणि ओढ्याची किंमत कैक पटींनी वाढते, आणि नेमक्या त्याच जागा शासनदरबारी ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या आहेत.

पडीक म्हटलं की दोन संकटं येतात. पहिलं संकट झाडं लावण्याचं. २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीसारख्या मोहिमांत माळ दिसला की खड्डे, समतल चर आणि ग्लिरिसिडियासारखी भराभर वाढणारी झाडं. पवन्या, मारवेल आणि कुसळीच्या गवतात दाट झाडी उभी केली की काळवीट तो तुकडा सोडतात, कारण आता लांबचं दिसत नाही. हे काम आपल्याच खात्याच्या हातात आहे, म्हणून ते आधी थांबवता येईल. सोलापूरच्या माळावर हिवर, बोर, बाभूळ विरळ असावी, तरवडाची झुडपं असावीत, बाकी गवत. वेडी बाभूळ मात्र मुळासकट काढायला हवी, नुसती छाटली तर ती दुप्पट फुटते.

दुसरं संकट सौर प्रकल्पांचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी शासकीय जमिनी आणि गायरानं दिली जातात. शेतीला दिवसा वीज हवीच. पण एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जातात आणि सभोवती पक्की जाळी येते. जागा निवडताना तलाठी अतिक्रमण पाहतो, वीज कंपनी उपकेंद्राचं अंतर पाहते. कळप आहे का, हे विचारणारा रकानाच त्या अर्जात नाही. तो रकाना घालावा आणि त्यावर वनरक्षकाची सही असावी. जिथे माद्या आणि पाडसं आहेत ते गायरान वगळून त्याच गावातली मुरमाड, खाणीची किंवा वेडी बाभूळ माजलेली जागा द्यावी. तेही शक्य नसेल तर जाळी अखंड न घालता ओढ्याच्या बाजूने रुंद पट्टा मोकळा सोडावा.

आता खड्ड्यांविषयी. जिल्ह्यात बिनकठड्याच्या विहिरी अजून पुष्कळ आहेत. त्यांत काळवीट पडतात, लांडगेही पडतात. कठड्याला काही हजार रुपये लागतात, हा प्रश्न फक्त मनावर घेण्याचा आहे. शेततळ्याचा प्रश्न जास्त फसवा आहे. पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, तिरपा काठ, वर शेवाळ: पाणी प्यायला उतरलेलं जनावर घसरतं आणि खूर रुतायला काहीच नसल्याने बाहेर येऊ शकत नाही. ते काठाकाठाने पोहत राहतं आणि दमून बुडतं. उपाय असा: समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दीड-दोन मीटर रुंद काथ्याची चटई किंवा जुना कन्व्हेयर पट्टा तळापर्यंत सोडायचा, त्यावर फूटभर अंतराने आडव्या पट्ट्या ठोकायच्या आणि वरचं टोक कागद ज्या चरात गाडतो त्याच चरात गाडायचं. मोठ्या घरांची जाळी वापरू नये, पाय अडकतात. शेततळ्याच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता या चटईच्या फोटोवर सोडावा. पोहता न येणाऱ्या माणसाचा जीवही त्याच चटईवर वाचतो.

नाला खोलीकरणातही हीच चूक झाली. पोकलेनने ओढे सरळ, खोल आणि उभ्या काठाचे केले. जो ओढा कळपाची वाट होता तो खंदक झाला. खोलीकरणाच्या अंदाजपत्रकात ठरावीक अंतरावर दोन्ही काठ उतरते करण्याची तरतूद हवी. पोकलेन जागेवर असतानाच केलं तर हे तासाभराचं काम आहे, नंतर करायचं म्हटलं की नवं टेंडर.

पिकांच्या नुकसानीविषयी आपल्याकडे आलेल्या अर्जांत खोटं काही नाही, पण पंचनाम्याची पद्धत या जनावराला लागू पडत नाही. रानडुक्कर एका रात्रीत शेत लोळवतं, ते दिसतं. काळवीट रोज थोडं खातो. हरभरा फुलाआधी खुडला गेला तर तो फुटवे फोडतो, शेतकरी स्वतःही शेंडे खुडतोच. घाटे धरताना खाल्ला तर गेला. ज्वारी दुपानी असताना खाल्ली तर दुबार पेरणी, आणि तोवर हस्ताची ओल उडालेली. पंचनाम्याला माणूस पोहोचतो तेव्हा शेतात दाखवायला काहीच नसतं. म्हणून उगवणीनंतरच्या पहिल्या महिन्यातली नासाडी हा वेगळा प्रकार धरून भरपाई दुबार पेरणीच्या खर्चावर ठरवावी, आणि वन, महसूल व कृषीच्या कर्मचाऱ्यांनी त्या महिन्यात आठवड्याचा एक दिवस गावनिहाय ठरवून द्यावा.

राखणीचे उपाय गावाला ठाऊक आहेत. ज्वारीच्या कडेने करडईच्या चार-सहा ओळी हा जुना उपाय चालतो, फक्त वाण काटेरी हवा आणि काटे यायला दीड महिना जातो हे धरून तोवर राखण हवी. झटका मशीन चालतं, पण काळवीट उडी मारण्यापेक्षा खालून घुसणं पसंत करतो आणि अंगाच्या केसांवर झटका नीट बसत नाही. एक तार त्याच्या नाकाच्या उंचीवर हवी आणि खालची तार जमिनीच्या जवळ. तारेखाली गवत वाढलं की झटका जमिनीत उतरतो, ते दर पंधरवड्याला कापावं लागतं. अनुदानात यंत्राचे पैसे मिळतात, हे शिकवायला कोणी येत नाही. थेट लाइनची तार टाकणं हा गुन्हा आहे, त्यात माणसंही मरतात. आणखी एक: दोन शेजाऱ्यांच्या कुंपणांमध्ये पाणंद मोकळी राहिली तर कळप पीक सोडून पाणंदीने जातो. पाणंद रस्त्यांचं मजबुतीकरण करताना दोन्ही कडांना कच्चा गवताचा पट्टा ठेवायला खर्च नाही.

नुकसान वाढलं की जनावरं उचलून दुसरीकडे न्या, ही मागणी येणार. मध्य प्रदेशात २०२५ मध्ये हेलिकॉप्टर आणि बोमा (नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं कुंपण) लावून शेकडो काळवीट हलवले गेले. हा उपाय शेवटचा असावा. घाबरून धावलेल्या काळविटाचे स्नायू निकामी होऊ शकतात आणि तो सुटल्यावर काही दिवसांनीही मरू शकतो. आणि माद्या उचलल्या तर त्या माळाचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

महामार्गाबद्दल थोडक्यात. प्रस्तावित सुरत–चेन्नई मार्गाला पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ चा दाखला लावावा. तिथे प्राण्यांसाठीचे भुयारी मार्ग ५० ते ७५० मीटर रुंदीचे आहेत. काळवीट अंधाऱ्या मोरीत शिरत नाही. ओढ्यावरचा पूल रुंद ठेवा, खाली दगड-काँक्रीट न टाकता माती राहू द्या.

शेवटचं, मोजणी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून काळवीट मोजले जातात. तो दिवसा चरणारा, आणि त्याला पाणी ठिबकच्या गळतीत आणि कालव्याच्या चाऱ्यांत मिळतं. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, रान मोकळं असताना, सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत, शिवरस्त्यांवरून एकाच दिवशी सगळ्या गावांत मोजणी करा. नुसता आकडा नको: काळे नर, तपकिरी नर, माद्या, पाडसं वेगळी लिहा, आणि जमिनीचा गट नंबर लिहा. मेंढपाळ सोबत घ्या, त्यांना कळप पाठ असतात. त्याच दिवशी सांगा की गवतात एकटं निपचित बसलेलं पाडस टाकून दिलेलं नसतं. आई लांब चरत असते. ते उचलून आणू नये. मोकाट कुत्री मात्र हाकलावीत.

गायरान महसूलकडे, ओढा जलसंधारणाकडे, शेततळं कृषीकडे, सौर प्रकल्प ऊर्जेकडे. त्यामुळे एकट्या वनखात्याचं परिपत्रक चालणार नाही, संयुक्त शासन निर्णय लागेल. त्याचा मसुदा होईपर्यंत आपल्या अखत्यारीतल्या दोन गोष्टी लगेच होऊ शकतात: जिल्ह्यातल्या गवताळ माळांवरची या पावसाळ्यातली वृक्षलागवड रद्द करणं आणि एप्रिलच्या मोजणीचा आदेश. मोजणीसाठी गावनिहाय शिवारनकाशे आणि माणसं आम्ही देऊ.

आपले,
सोलापूर जिल्ह्यातील काही शेतकरी, मेंढपाळ आणि माळरानाचे अभ्यासक