शहरातल्या रानात वसंत साजरा व्हावा

संपादक महोदय,

वसंतात फुलांची प्रदर्शनं भरतात, ती भरावीतच. पण खरा वसंत नदीकाठच्या झुडपांत, टेकडीच्या उतारावर, पडीक मैदानाच्या कोपऱ्यात येतो. तिथली तांबूस पालवी जवळून पाहावी. ही लाली अँथोसायनिन या रंगद्रव्याची. अशाच एखाद्या कोवळ्या पानामागे मावा ही रस शोषणारी बारीक कीड आणि तिच्याभोवती घुटमळणाऱ्या मुंग्या दिसतात. मुंग्या माव्याचा गोड स्राव पितात आणि बदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. भिंगातून हे एकदा दिसलं की मुलं तिथून हलत नाहीत!

अशा निसर्गफेऱ्या वस्तीतल्या लोकांनी मिळून काढाव्यात. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातल्या चुरशीतून ‘सिटी नेचर चॅलेंज’ हे शहरातल्या प्राणी-वनस्पतींच्या नोंदी करण्याचं आव्हान सुरू झालं. आज एप्रिलअखेरीस जगभरातली शेकडो शहरं त्यात उतरतात. मोबाइलवर फोटो काढून नोंदवायचा, ओळख पटवायला जाणकार मदत करतात. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत कुणालाही जमेल असं हे काम आहे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळायला हवं. हा अनेक पक्ष्यांचा विणीचा हंगाम. घरट्याभोवती गर्दी करू नये, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नये. घाबरलेले पक्षी घरटं सोडूनही जातात. उद्यान विभागांनीही या दिवसांत झुडपांची छाटणी थांबवावी आणि पिल्लं उडून गेल्यावरच ती हाती घ्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक