सुई बाहेर आल्यानंतरचे दोन तास

सोलापूर,
एप्रिलचा दुसरा आठवडा

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. जूनपासून इथल्या ल्युकेमियाच्या रुग्णांचे नमुने सिंगल-सेल, म्हणजे एकेक पेशी वेगळी वाचण्याच्या, अभ्यासासाठी गोळा करायचं काम तू अंगावर घेतोयस हे बरंच झालं. पण तुझे सगळे प्रश्न यंत्राबद्दलचे आहेत: कोणतं, केवढ्याचं, किती पेशी वाचतं. यंत्र पुण्यात आहे, चालवणारे लोकही तिथेच आहेत. त्याची काळजी त्यांना करू दे. या प्रयोगाचं जे काही व्हायचं ते रुग्णाच्या हाडातून सुई बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत ठरून जातं, आणि ते दोन तास सोलापूरच्या हवेत जाणार आहेत. म्हणून हे पत्र मुख्यतः त्यांच्यावरच.

आधी थोडक्यात, हा खटाटोप कशासाठी. एएमएल या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या मॅरोचा (हाडातल्या मगजाचा) डीएनए एकत्र काढून तपासला की रिपोर्टात येतं: एफएलटी-३ जनुकात बदल ३० टक्के, एनरॅस या रॅस कुळातल्या जनुकात १० टक्के. हे दोन्ही बदल एकाच पेशीत आहेत की पेशींच्या दोन वेगळ्या टोळ्यांत, ते या आकड्यांवरून सांगता येत नाही. उपचार करणाऱ्याला तर नेमकं तेच हवं असतं. एफएलटी-३ ला अडवणारं गिल्टेरिटिनिब हे औषध सुरुवातीला चालतं आणि मग हात टेकतं, त्याचं कारण २०१९ मध्ये एकेका पेशीचा डीएनए वाचून दिसलं. काही रुग्णांत एफएलटी-३ बिघडलेल्या पेशींनीच रॅसचा बदल कमावला होता, तर काहींत एफएलटी-३ शाबूत असलेली दुसरीच टोळी रॅसच्या जोरावर वर आली होती. एकत्र रिपोर्टात दोन्ही सारखेच दिसतील. स्तनाच्या कर्करोगात अशा टोळ्यांची वंशावळ निकोलस नॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्येच एकेका केंद्रकावरून मांडली होती.

आरएनएची, म्हणजे पेशीत कोणती जनुकं चालू आहेत ते सांगणाऱ्या रेणूची, गोष्ट समांतर चालली. २००९ मध्ये फुचाऊ तांग आणि अझीम सुरानी यांच्या गटानं उंदराच्या भ्रूणातल्या एका पेशीचा आरएनए वाचला. २०१५ मध्ये हार्वर्डच्या दोन गटांनी तेलातल्या थेंबांची युक्ती आणली आणि मोजणी एकदम हजारोंवर गेली. पुढचं तुला वाचायला मिळेलच.

आता कामाचं.

मॅरोची पहिली ओढ अर्ध्या मिलिलिटरच्या आसपास, ती स्लाइडसाठी. ती सोडून दे, रुग्णाचं निदान त्यावर आहे. त्याच जागी ओढत राहिलास तर पुढच्या सिरिंजमध्ये मॅरो कमी आणि रक्त जास्त येतं. म्हणून अभ्यासासाठीचे २-३ मिलिलिटर हवे असतील तर डॉक्टरांना सुईची जागा किंचित बदलायला सांग. ट्यूब ईडीटीएची (ते रक्त गोठू देत नाही), जांभळ्या टोपणाची. हेपॅरिनही गोठणं थांबवतं, पण ते नको; मागे राहिलं तर पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढताना, नडतं. ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी कर. गुठळी झाली तर नमुना गेला म्हणून समज, ती फोडायच्या भानगडीत पडू नकोस.

मग फायकॉल, पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा दाट द्रव. नमुन्यात पीबीएस (पेशींना मानवणारं क्षारांचं पाणी) घालून एकूण ८ मिलिलिटर कर, ७० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून घे म्हणजे हाडाचे कण आणि चरबी वर राहील. १५ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये आधी ४ मिलिलिटर फायकॉल, ट्यूब तिरपी धरून वरून हे ८ मिलिलिटर भिंतीवरून ओघळत सोड. सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट ओढ), ३० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थांबताना सगळे थर ढवळले जातात. नव्या मुलांकडून ही चूक हमखास होते, म्हणून बटणावर लाल चिकटपट्टी लाव. आणि जी म्हणजे आरपीएम नव्हे. रोटरची त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर ४०० जी म्हणजे मिनिटाला साधारण १५०० फेरे. आपल्या यंत्राची त्रिज्या मोजून आकडा झाकणावर लिहून ठेव.

बाहेर काढलीस की वर पिवळा प्लाझ्मा, त्याखाली ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं कडं, मग स्वच्छ फायकॉल, तळाशी लाल. हवं ते फक्त कडं. लिम्फोसाइट, मोनोसाइट या पांढऱ्या पेशी आणि ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी, तिथे असतात. न्यूट्रोफिल तळाला जातात. तसंही त्यांच्यात आरएनए कमी आणि तो कापणारी एन्झाइम जास्त, त्यामुळे या पद्धतीत ते नीट सापडतच नाहीत.

आणि आता सोलापूरचा मुद्दा. फायकॉलची घनता १.०७७, पण ती २० अंशाला. प्रोटोकॉलमध्ये नुसतं ‘खोलीचं तापमान’ लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याची खोली २२ अंशांवर होती. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर पारा ४२-४३ वर असतो, वीज गेली की तासाभरात लॅब ३५ ला पोचते. गरम फायकॉल विरळ होतं, मग हव्या त्या पेशीही त्यातून खाली निसटतात आणि कडं पुसट दिसतं. उलट फ्रिजमधून काढून लगेच वापरलं तर ते दाट असतं आणि लाल पेशी कड्यात अडकतात. त्यामुळे थंड होणारा सेंट्रिफ्यूज २० अंशांवर लाव, फायकॉल नि पीबीएस दोन्ही त्याच तापमानाला आणून ठेव. वॉर्डातून ट्यूब आणायला थर्माकोलचा डबा लागेल, पण ट्यूब थेट बर्फावर ठेवू नकोस. दुपारी दोनला स्कूटरच्या डिकीतून आलेला नमुना मात्र सरळ नाकार, कोणी कितीही रागावलं तरी.

तू विचारलंयस, ताजं रक्तच सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला पाठवलं तर? चार तासांचा प्रवास, वाईट नाही. पण मॅरो काढतात ओपीडी उरकल्यावर, दुपारी. म्हणजे नमुना रात्रभर पडून राहणार. रात्रभरात मोनोसाइट चिडतात, ताणाची जनुकं चालू होतात, आणि पुढे संगणकावर जो फरक दिसतो तो आजाराचा की मुक्कामाचा हे कोणीच सांगू शकत नाही. त्यापेक्षा इथेच गोठव.

गोठवायची रीत अशी. कडं काढून दोनदा धू: ३०० जीवर १० मिनिटं, मग २०० जीवर १० मिनिटं. दुसऱ्या हळू फेरीत प्लेटलेट वरच्या पाण्यात राहतात. पेशी मोज. ९० टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाच्या रक्तातला सीरम) आणि १० टक्के डीएमएसओ, बर्फावर थंड केलेलं, एका क्रायोव्हायलमध्ये (गोठवायच्या छोट्या कुपीत) १ मिलिलिटर आणि त्यात ५० लाख ते १ कोटी पेशी. डीएमएसओ पेशीत शिरून बर्फाचे सुळे होऊ देत नाही, पण खोलीच्या तापमानाला तेच विष. एकदा मिसळलं की गप्पा बंद. व्हायल आयसोप्रोपेनॉलच्या डब्यात, डबा उणे ८० च्या फ्रीजरमध्ये. त्यानं तापमान मिनिटाला साधारण १ अंश उतरतं. दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये हलव. उणे ८० मध्येच महिने काढले तर जिवंत पेशी घटत जातात.

नायट्रोजन इथे मिळेल का ही तुझी शंका शहरी माणसाची आहे. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या उणे १९६ अंशांवरच ठेवतात, जिल्ह्यात गावोगाव पशुवैद्यांकडे ते कॅन आहेत आणि भरून द्यायची व्यवस्थाही. चौकशी तिथून सुरू कर. फक्त पुण्याला नेताना ड्राय शिपर वापर, ज्यात नायट्रोजन शोषून घेतलेला असतो आणि सांडत नाही. उघडा कॅन काचा बंद केलेल्या गाडीत ठेवायचा नाही. एका लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. वास नाही, रंग नाही, माणूस नुसता झोपी जातो.

पेशी पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करून पाठवायचीही एक पद्धत आली आहे, ती सोयीची आहे. पण तिथे ठरलेल्या जनुकांना चिकटणाऱ्या प्रोबची (डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) मोजणी होते. आपल्याला उत्परिवर्तन वाचायचंय, म्हणून ती आपल्या कामाची नाही. घट्ट गाठींसाठी मात्र विचार कर, कारण तिथे पेशी सुट्या करायला ३७ अंशांवर कोलॅजनेज हे पेशींमधली जाळी कापणारं एन्झाइम लावावं लागतं आणि त्या अर्ध्या-पाऊण तासातच फॉस, जून अशी ताणाची जनुकं पेटतात. मग ती ट्यूमरची खूण म्हणून छापली जातात.

पुण्यात काय होतं ते थोडक्यात, म्हणजे तू पाठवलेलं का नाकारलं ते कळेल. व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात बर्फाचा बारीक खडा उरेपर्यंत वितळवतात, मग कोमट माध्यम थेंबाथेंबानं घालत १० मिलिलिटर करतात. एकदम ओतलं तर पेशी फुगून फुटतात. ४० मायक्रॉनची चाळणी, ०.०४ टक्के बीएसए हे प्रथिन असलेला पीबीएस, ईडीटीएचा मागमूस नाही, कारण ते मॅग्नेशियम पकडून ठेवतं आणि आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, उपाशी राहतं. मायक्रोलिटरला ७०० ते १२०० पेशी, ८५ टक्क्यांच्या वर जिवंत. मोजणी अॅक्रिडिन ऑरेंज आणि प्रोपिडियम आयोडाइड या चमकणाऱ्या रंगांनी. नुसत्या ट्रिपॅन ब्ल्यू रंगात कचरा आणि पेशी यांत गल्लत होते.

१०,००० पेशी हव्या असतील तर सुमारे १६,००० भरतात. तेलात एकेका थेंबात एक जेलचा मणी आणि नशिबानं एक पेशी. बहुतेक थेंबांत पेशी नसतेच आणि ते मुद्दाम, कारण दाटीवाटीनं भरल्या तर एका थेंबात दोन शिरतात. तरीही १०,००० ला सुमारे ८ टक्के जोडपेशी निघतातच. प्रत्येक मण्यावर १६ अक्षरांचा बारकोड असतो. धोबी प्रत्येक घराच्या कपड्यांवर खूण करतो आणि मग सगळ्यांचे कपडे एकाच भट्टीत घालतो, तसंच हे. १२ अक्षरांची दुसरी खूण, यूएमआय, प्रत्येक रेणूला वेगळी; तिच्यामुळे पीसीआरच्या झेरॉक्स प्रती एकदाच मोजल्या जातात. थेंब नीट झाले तर ट्यूब दुधासारखी एकसारखी गढूळ दिसते. पाण्यासारखी पारदर्शक पट्टी दिसली की थेंब एकमेकांत मिसळले. बहुधा चिपमध्ये बुडबुडा गेलेला असतो किंवा भरताना वेळ लागलेला असतो. पुढे ५३ अंशांवर ४५ मिनिटं, मग सीक्वेन्सिंग, पेशीमागे निदान २०,००० रीड (वाचलेले तुकडे). १०,००० पेशींचे २० कोटी.

मेलेल्या पेशी फुटून त्यांचा आरएनए पाण्यात पसरतो आणि प्रत्येक थेंबात थोडा थोडा शिरतो. लोक याला सूपच म्हणतात. टी-पेशीत हिमोग्लोबिनचं जनुक दिसलं की ओळखायचं. सूपएक्स, सेलबेंडर या प्रोग्रॅमनी ते काही प्रमाणात वजा होतं, पण तुझ्याकडून ६० टक्के जिवंत नमुना गेला तर कोणतंही सॉफ्टवेअर त्याचं काही करू शकत नाही. दोन तासांचं मी म्हणतोय ते याचसाठी.

अभ्यासाच्या आखणीत एका गोष्टीवर अडून बस. सगळे रुग्ण सोमवारी आणि सगळे निरोगी शुक्रवारी, असं होऊ देऊ नकोस. मग आजार आणि वार वेगळे करता येत नाहीत. चार जणांच्या पेशी चिपच्या एकाच चॅनेलमध्ये मिसळून नंतर त्यांच्या जनुकीय फरकांवरून वेगळ्या करता येतात. खर्च वाचतो, शिवाय दोन माणसांच्या जोडपेशी आपोआप उघड्या पडतात. आणि ५ रुग्णांच्या ५०,००० पेशी म्हणजे ५०,००० निरीक्षणं नव्हेत. निरीक्षणं ५ च. हे विसरून काढलेले पी-मूल्य पाहून हुरळून जाणारे बरेच भेटतील.

रुग्णाला यातून काय मिळणार, हे नातेवाईक तुला पहिल्याच दिवशी विचारतील. खरं सांग: त्याच्या या आजारपणात बहुधा काही नाही. उपचारानंतर १०,००० पेशींत एखादी उरलेली ब्लास्ट शोधायची असेल तर फ्लो सायटोमेट्री ही लेसरनं पेशी मोजणारी तपासणी लाखो पेशी पाहते. इथे १०,००० पाहिल्यात तर एकच सापडेल आणि ती खरी की जोडपेशी हेही सांगता येणार नाही. फायदा पुढच्यांना आहे. २०१८ मध्ये श्वासनलिकेत आयनोसाइट नावाची पेशी सापडली, एक टक्क्याहूनही विरळ, आणि सिस्टिक फायब्रोसिसचं सीएफटीआर जनुक सर्वात जास्त तीच वापरत होती. कार-टीमध्येही, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कर्करोगावर सोडण्यातही, तसंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याकडे नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला मंजुरी मिळाली, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून. असे उपचार कोणाला लागू पडतात याचा एक धागा २०२० मध्ये २४ लिम्फोमा रुग्णांना दिलेल्या कार-टीच्या पिशव्यांतल्या पेशी एकेक वाचून मिळाला: ज्यांच्या पिशवीत स्मृतिपेशींसारख्या सीडी-८ टी-पेशी जास्त, त्यांच्यात उपचाराला पूर्ण प्रतिसाद मिळण्याचं प्रमाण अधिक, थकलेल्या पेशी जास्त, तिथे निकाल वाईट. आशियाई रक्तपेशींच्या नकाशात, ज्यात भारतही आहे, ६१९ निरोगी लोकांच्या १२ लाखांहून जास्त पेशी आहेत. तुलनेला तो घे, युरोपीय रक्तावर अवलंबून राहू नकोस.

संमतिपत्र मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्हींत लागेल. पूर्व भागातली अर्धी घरं तेलुगू बोलतात. नाव काढलं तरी जनुकीय माहितीवरून माणूस ओळखता येऊ शकतो, हे त्यात साध्या शब्दांत लिही. नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एक थेंबही ठेवायचा नाही.

पहिला महिना रुग्णाचा नमुना घेऊ नकोस. संमती दिलेल्या आठ-दहा निरोगी लोकांचं रक्त घे, गोठव, पंधरा दिवसांनी वितळव, जिवंत किती ते मोज. सलग पाच वेळा ८५ च्या वर आलं की मगच पुण्याला फोन कर. वहीत चार रकाने हवेतच: सुई बाहेर आल्याची वेळ, फायकॉलची वेळ, फ्रीजरची वेळ, आणि त्या क्षणाचं खोलीचं तापमान. व्हायलवर साध्या मार्करनं लिहू नकोस, आयसोप्रोपेनॉलचा हात लागला की नाव जातं. क्रायो-लेबलची दोन रिळं येताना पुण्याहून घेऊन ये, इथे मागवली की तीन आठवडे लागतात.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश